नाशिकच्या वास्तूंचे आणि वाड्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंदिरं, लेणी, जुने वाडे, नव्या इमारती आणि त्यांचे अंतर्भाग यांच्या फोटोंबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात करायला कोणता कॅमेरा आणि कोणती लेन्स घ्यावी? मोबाइलवर जमतं का?

जमतं, पण ०.५ चं, म्हणजे अतिरुंद लेन्सचं, बटण शक्यतो दाबू नका. त्या लेन्समध्ये कडेचे खांब ताणले जातात आणि तिचा सेन्सर लहान असल्यामुळे अंधाऱ्या ओसरीत चित्र दाणेदार येतं. मुख्य कॅमेरा, म्हणजे १ चं बटण, वापरा. ग्रिड सुरू ठेवा आणि रॉ फाइलची (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलची) सोय असेल तर तीही घ्या.

कॅमेरा घ्यायचा असेल तर फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिमी आणि त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर १६ मिमी एवढी रुंदी बहुतेक कामांना पुरते. शिखरावरच्या कोरीवकामासाठी ७०-२०० मिमीची झूम जवळ असावी. पैसे मोजकेच असतील तर महागड्या बॉडीऐवजी दणकट ट्रायपॉड आणि लेव्हल दाखवणारं हेड घ्या. वास्तूच्या कामात त्याचा उपयोग जास्त होतो.

२. इमारत मागे कलल्यासारखी का दिसते?

कारण कॅमेरा वर उचललेला असतो. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा पूर्ण आडवा ठेवा आणि लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणा. अशाने खालची जमीन जास्त येते आणि शेंडा कापला जातो. त्यावर उपाय तीन आहेत. शेंडा बसेपर्यंत मागे सरका. नाहीतर समोरच्या इमारतीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे वास्तूच्या साधारण मध्यउंचीवरून, फोटो घ्या. किंवा शिफ्ट लेन्स वापरा; ती कॅमेरा न कलवता वर सरकवता येते.

चौथी वाट संगणकावर रेषा सरळ करण्याची. तीत कडा कापल्या जातात, म्हणून फ्रेम घेतानाच भोवती भरपूर जागा सोडा. २४ मिमीत वास्तू जेमतेम बसत असेल तर १८ ने घ्या. झुकाव खूप असेल तर सरळ केल्यावर शिखर उंच आणि बारीक दिसू लागतं. अशा वेळी उंचीचा ताण थोडा कमी करावा लागतो, नाहीतर वास्तूचं प्रमाणच खोटं दिसतं.

३. जुन्या नाशकातल्या बोळात मागे सरकायला जागाच नसते. मग दर्शनी बाजू कशी घ्यायची?

समोरच्या घरात विनंती करा आणि त्यांच्या खिडकीतून घ्या. तेही शक्य नसेल तर उभ्या फ्रेमा जोडा. ट्रायपॉड एका जागी ठेवून कॅमेरा उभा धरा आणि प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा निदान ३० टक्के भाग येऊ द्या. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचं संतुलन) तिन्ही हाताने बांधून ठेवा. ते ऑटोवर राहिले तर जोड दिसतात. जवळची वीजतार आणि मागची भिंत यांचा मेळ बसत नसेल, तर कॅमेरा लेन्सच्या मध्याभोवती न फिरता स्वतःच्या बुडाभोवती फिरतो आहे, असं समजा. त्यासाठी हेडवर सरकपट्टी लागते.

तारा, केबल आणि मीटरचे डबे पुसून टाकावेत का, असंही बरेच जण विचारतात. छापील सजावटीचा फोटो असेल तर पुसा. नोंदीसाठी घेतलेल्या फोटोत (प्रश्न १३) एक तारही हलवू नये.

४. कोणत्या वेळी जावं? सगळे म्हणतात, "सकाळी लवकर किंवा संध्याकाळी".

तो सल्ला अर्धाच आहे. आधी भिंतीचं तोंड कुठे आहे ते बघा आणि मग महिना ठरवा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला इथे सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि २१ जूनला तेवढाच उत्तरेला. म्हणजे काळाराम मंदिरासारख्या पूर्वाभिमुख वास्तूसमोर उभं राहिलात, तर हिवाळ्यात कोवळं ऊन तुमच्या डाव्या खांद्यावरून येतं आणि मे महिन्यात उजव्या.

कोरीवकाम उठून दिसायला ऊन भिंतीला तिरपं घासून जायला हवं. उगवतीला ते जवळजवळ समोरून पडतं, त्यामुळे रंग सुंदर येतो पण नक्षी सपाट दिसते. डिसेंबरात साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान सूर्य बराच बाजूला गेलेला असतो आणि तेव्हा पूर्वेच्या भिंतीवरचा प्रत्येक थर सुटा दिसतो. सिन्नरचं गोंदेश्वर याच वेळी बघावं. उंच जगतीवर, म्हणजे दगडी ओट्यावर, मधलं शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं, असं ते यादवकालीन पंचायतन आहे. भूमिज शिखरावर एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या रांगा या उन्हात मोजता येतात. दुपारी त्याच रांगा एकमेकींत मिसळतात.

उत्तरेकडच्या भिंतीचं गणित वेगळं आहे. २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. २० मेच्या सुमारास सूर्य नाशिकच्या बरोबर माथ्यावरून जातो आणि २४ जुलैच्या सुमारास परततो. मधल्या काळात भर दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेला असतो आणि ऊन उत्तरेची भिंत वरून खाली घासत जातं. जूनच्या मध्यापासून ढग येतात, त्यामुळे हाती उरतात ते मेचे शेवटचे दिवस आणि जूनचा पहिला आठवडा. उत्तरेचं शिल्प टिपायचं असेल तर ही तारीख वहीत आधीच लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट: इथली खरी मध्यान्ह बाराला होत नाही. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नाशिक ७३.८ वर, त्यामुळे ऋतूप्रमाणे ती सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान येते.

५. काळारामाचा काळा दगड फोटोत राखाडी येतो आणि मुक्तिधामचं संगमरवर मळकट. असं का?

कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम राखाडी समजतं. काळ्या पाषाणाने फ्रेम भरली की ते उजेड वाढवतं आणि पांढऱ्या मकराना संगमरवराने भरली की कमी करतं. म्हणून काळ्या दगडाला उणे २/३ ते उणे १ आणि पांढऱ्या संगमरवराला अधिक २/३ ते अधिक १ एवढी एक्स्पोजरची भरपाई द्या. मग हिस्टोग्राम, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंतचा आलेख, बघा. संगमरवरात उजवी कड कापली जाता कामा नये, कारण जळलेला पांढरा रंग नंतर परत आणता येत नाही. काळारामाच्या कळसावर ऊन असेल तर मोजमाप दगडाचं घ्या, पण कळस जळत नाही ना ते स्वतंत्रपणे तपासा.

६. दिवे लागल्यावरचा निळ्या आकाशाचा फोटो नेहमी काळाच येतो.

पोहोचायला उशीर होतो म्हणून. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा खाली जातो आणि संधिप्रकाश लवकर आटपतो. सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३० मिनिटं एवढाच वेळ हाती असतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड लावून फ्रेम पक्की करा. मग फ्रेम न हलवता दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत राहा. दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड सारखा होतो तो फोटो त्यातून सापडतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

७. वाड्यात माजघर काळंकुट्ट आणि चौक पांढराफटक. दोन्ही एकाच फोटोत कसे आणायचे?

आधी फरक मोजा. आयएसओ १०० आणि एफ/८ वर उन्हातल्या चौकाला १/२५० सेकंद पुरतो आणि आतल्या माजघराला ८ सेकंदही लागू शकतात. हा ११ स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो एका फ्रेममध्ये स्वच्छ उतरत नाही, म्हणून ब्रॅकेटिंग करा: दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेमा. छिद्र आणि फोकस बदलायचे नाहीत, बदलायचा तो फक्त शटर.

त्याहून चांगला उपाय म्हणजे चौकातलं ऊन निघून जाण्याची वाट बघणं. चौक सावलीत गेला की फरक सहा-सात स्टॉपवर येतो, तीन फ्रेमांत काम होतं आणि लाकडाचा रंगही खरा येतो.

जोडताना सॉफ्टवेअरचा एचडीआर (अशा फ्रेमा एकत्र करण्याची सोय) पूर्ण ताणू नका. माजघर अंधारंच असतं आणि फोटोतही ते थोडं अंधारं राहायला हवं. कोनाडे दिसतील आणि कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या मोजता येतील, एवढा उजेड पुरे. फोटो घेण्याआधी पंखे बंद करून ते पूर्ण थांबेपर्यंत थांबा. झोपाळाही स्थिर करा. पाच फ्रेमांत झोपाळा पाच ठिकाणी असला तर जोडणी बिघडते.

८. आतले रंग विचित्र येतात. अर्धी भिंत पिवळी, अर्धी निळी. कधी आडवे पट्टेही दिसतात.

पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, उन्हाचा उजेड ५५०० च्या आसपास आणि सावलीतला ७००० कडे. एका व्हाइट बॅलन्समध्ये हे तिन्ही बसत नाहीत. दिवसा आतले सगळे दिवे बंद करा. जुन्या वाड्यात जवळजवळ नेहमीच हेच योग्य ठरतं. नव्या हॉटेलच्या किंवा वायनरीच्या अंतर्भागात दिवे हाच रचनेचा भाग असतो. तिथे एक संच दिवे लावून आणि एक बंद करून घ्या, आणि संगणकावर थर करून मिसळा.

पट्टे येतात ते एलईडीच्या लुकलुकण्यामुळे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१००, १/५० किंवा त्याहून संथ ठेवा आणि आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक वापरा.

९. खोली आहे त्यापेक्षा मोठी दाखवायची असते. कॅमेरा किती उंचीवर ठेवू?

मोठी दाखवू नका, खरी दाखवा. १४ मिमीने काढलेली दहा बाय दहाची खोली बघून आलेला माणूस दारातच हिरमुसतो. २४ ते ३५ मिमीने काढा. छत आणि जमीन सारखी दिसावी म्हणून कॅमेरा साधारण त्यांच्या मध्यावर ठेवा. वाड्याच्या वरच्या मजल्यावर छत आठ फुटांचं असेल तर चार फूट उंची ठीक. बैठकीची खोली असेल, गाद्या-तक्के मांडलेले असतील, तर तीन फुटांवर या, म्हणजे बसलेल्या माणसाला दिसते तशी खोली दिसेल. एक भिंत सरळ समोर धरा, नाहीतर कोपरा स्पष्टपणे तिरपा धरा. जरासा तिरपेपणा चुकीसारखा दिसतो.

१०. पांडवलेण्यांत ट्रायपॉड चालतो का? आणि शिलालेख वाचता येईल असा फोटो कसा घ्यायचा?

त्रिरश्मी डोंगरावरची ही २४ लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तिकीट काढून हातातल्या कॅमेऱ्याने स्वतःसाठी फोटो घेता येतात. ट्रायपॉड, वेगळे दिवे किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर खात्याच्या मंडळ कार्यालयाकडे आधी अर्ज करावा लागतो. पहारेकऱ्याशी दारात वाद घालून उपयोग नाही, त्याला तो अधिकारच नसतो.

ट्रायपॉड नसताना पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. खालून घेतलेला हा कोन १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपाला शोभतो. हातात धरायचा असेल तर आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त जा. दाणे चालतील, हललेला फोटो चालणार नाही. कोरीव खांबांना मात्र टेकू नका.

शिलालेखासाठी सकाळ निवडा. ३ क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख आणि १० क्रमांकातले नहपानाच्या काळातले लेख व्हरांड्यांत आहेत, आणि तिथे पोहोचणारा उजेड बाजूने येतो. अक्षरांची खोली सावलीने दिसते, म्हणून समोरून फ्लॅश मारला की लेख पुसल्यासारखा होतो. सेन्सर भिंतीला समांतर ठेवा, एफ/८ ठेवा आणि लांब ओळीसाठी फ्रेमा जोडा (प्रश्न ३). अक्षरांत खडू, पीठ किंवा पाणी कधीही घालू नका. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा तर आहेच, पण दोन हजार वर्षं टिकलेलं अक्षर एका फोटोसाठी झिजवण्याचा हक्क कुणालाच नाही.

११. मंदिरांत आत फोटो काढता येतात का?

गाभाऱ्यात नाही, असंच धरून चाला. त्र्यंबकेश्वराला आत मनाई आहे. इतरत्र विश्वस्तांच्या कार्यालयात विचारा. सभामंडपाचा फोटो हवा असेल तर लेखी अर्ज द्या आणि आरतीच्या, गर्दीच्या वेळा टाळून वेळ मागा. अर्जात तारीख, माणसांची संख्या, ट्रायपॉड आहे की नाही आणि फोटो कुठे वापरणार हे लिहा. बाहेरच्या भिंतींना फारशी अडचण येत नाही. नारोशंकर मंदिराचं कोरीवकाम आणि वसईच्या विजयाची आठवण असलेली घंटा ही दोन्ही बाहेरूनच टिपायची आहेत.

१२. ड्रोन उडवू का?

नाशकात याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "नको" असंच आहे. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी तळ, देवळालीचं तोफखाना केंद्र आणि नाशिकरोडचे नोटा व प्रतिभूती मुद्रणालय यांमुळे शहराभोवती मनाईचे आणि परवानगीचे पट्टे पसरले आहेत. आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर जागा बघा आणि मग पोलीस आयुक्तालयाचा चालू मनाईआदेश बघा. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण नकाशावरच्या लाल, म्हणजे मनाईच्या, पट्ट्यात त्यालाही सूट नाही. संरक्षित स्मारकावर वेगळी परवानगी लागते. या आस्थापनांच्या भिंतींचे फोटो जमिनीवरूनही काढू नका.

१३. आमचा जुना वाडा पुनर्विकासात जाणार आहे. त्याआधी नोंद म्हणून फोटो कसे काढावेत?

असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की सामान हलवण्याआधी काढा. रिकाम्या वाड्यात खोली कशासाठी होती हेच कळत नाही.

बाहेरून आत या. रस्त्याकडची दर्शनी बाजू, दिंडी दरवाजा, ओसरी, पहिला चौक, दिवाणखाना, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागचा चौक, आड, मग जिना आणि वरचे मजले. प्रत्येक खोलीत चार कोपऱ्यांतून समोरच्या कोपऱ्याकडे एक-एक, प्रत्येक भिंत सरळ समोरून एक, एक छत आणि एक जमीन. म्हणजे खोलीमागे दहा फोटो. सगळीकडे एकच लेन्स वापरा. २४ मिमी सोयीची.

त्यानंतर सुटे भाग. नव्या घरात यातलं काहीच येणार नाही, म्हणून घाई करायची नाही ती इथेच. सुरूच्या आकाराच्या खांबाखालचा दगडी तळखडा, खांबाच्या डोक्यावरचे हस्त (कोरीव आधार), त्यावर बसलेली तुळई आणि तिच्यावरचा कडीपाट असा एक खांब खालून वरपर्यंत चार फ्रेमांत घ्या. लाकूड लाकडात कसं अडकवलंय तो सांधा जवळून टिपा. गणेशपट्टी, अडसर आणि भिंतीतली त्याची खाच, कडीकोयंडे, खुंट्या, देवळ्या (कोनाडे), बळद (धान्य साठवायची भिंतीतली जागा). ऑइलपेंटचे थर सुटले असतील तर तेही घ्या, कारण खालचा जुना रंग तिथेच दिसतो.

प्रत्येक सुटा भाग दोनदा घ्या: एकदा शेजारी १० सेंटिमीटरची पट्टी ठेवून आणि एकदा तिच्याशिवाय. खोलीच्या पहिल्या फोटोत पाटीवर खोलीचं नाव, मजला आणि उत्तरेचा बाण लिहून धरा. फाइलचं नाव मजला, खोली, दिशा आणि क्रमांक याच क्रमाने द्या. पुढे कुणाला त्रिमितीय मॉडेल करायचं असेल म्हणून चौकाभोवती फिरत, प्रत्येक फ्रेममध्ये आधीचा ७० ते ८० टक्के भाग ठेवून, एक फेरी वेगळी काढा. रॉ फाइली दोन डिस्कवर ठेवा आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्या आणि खोल्यांची नावं त्यांच्याकडून मोबाइलवर बोलून घ्या. कोणत्या कोपऱ्यात बाळंतिणीची खाट असायची हे फोटोतून कळत नाही.

वाळवी लागलेल्या माळ्यावर मधोमध चालू नका. भिंतीच्या कडेने, तुळईच्या वरून चाला, आणि एकट्याने जाऊ नका. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली असेल तर आत शिरूच नका. बाहेरून आणि समोरच्या गच्चीवरून जे मिळेल ते घ्या.

१४. पावसाळ्यात काम बंद ठेवावं का?

अजिबात नाही. ढगाळ उजेडात चौक आणि माजघर यांतला फरक सर्वात कमी असतो (प्रश्न ७) आणि ओला काळा दगड गडद, भरीव दिसतो. ओल्या दगडावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कापा. मात्र रुंद लेन्सवर निळ्या आकाशासाठी तो लावू नका, आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं होतं. थंडगार गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीतच २० मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. गोदावरीला पूर असेल तर घाटावर उतरू नका. ज्यावरून पुराची पातळी बघतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याची बातमी आली की पुलावरूनसुद्धा गर्दी टाळा.

१५. फ्रेममध्ये माणसं येतात. थांबावं की पुसावं?

एखादा माणूस मोजमापासाठी चांगलाच, दीपमाळेशेजारी उभी व्यक्ती उंची सांगते. रिकामा फोटो हवा असेल तर ट्रायपॉडवरून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने दहा-पंधरा फ्रेमा घ्या आणि मिडियन पद्धतीने जोडा (प्रत्येक ठिकाणचं सर्व फ्रेमांतलं मधलं मूल्य ठेवणारी सॉफ्टवेअरची सोय). हलणारी माणसं निघून जातात, बसलेली राहतात. रामकुंडावर स्नान करणारे आणि दशक्रिया विधीला बसलेली कुटुंबं यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. पाठमोरेही नकोत.

१६. इमारतीचा फोटो विकायला आर्किटेक्टची परवानगी लागते का? आणि पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा मालक कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हे वास्तूच्या कॉपीराइटचं उल्लंघन ठरत नाही. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पालाही तशीच सूट आहे. पण ही सूट आत शिरण्याचा हक्क देत नाही. खासगी आवारात मालकाची परवानगी लागते आणि तिथे लावलेल्या चित्रांना ही शिल्पाची सूट लागू नाही. भिंतीवरचं चित्र फ्रेमभर येत असेल तर चित्रकाराला विचारा.

दुसऱ्या प्रश्नात बरेच जण अडकतात. कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा असतो. फोटो पुढे मासिकाला द्यायचे असतील, स्पर्धेला पाठवायचे असतील, तर कामाआधी एका पानाचा करार करा. कोणते फोटो, कुठे, किती काळ आणि नाव कसं छापायचं हे त्यात असू द्या.

१७. वाड्याचे चार वाटेकरी आहेत. एकाने परवानगी दिली, दुसऱ्याने हटकलं. काय करावं?

तिथल्या तिथे थांबा आणि काढलेले फोटो दाखवा. ज्याच्या ताब्यात जी खोली आहे त्याची परवानगी त्या खोलीपुरती घ्या. भाडेकरू राहत असेल तर त्याचीही घ्या, कारण घर त्याचं चालू आहे. चौक, जिना आणि दिंडी दरवाजा सामाईक असतात, त्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र बरं. वाद कोर्टात असेल तर पत्रात "फक्त नोंदीसाठी, प्रसिद्धी नाही" असं स्पष्ट लिहा. देवघर, तिजोरीची खोली आणि कुलपं यांचे फोटो इंटरनेटवर टाकू नका. टाकायच्या इतर फाइलींमधून जीपीएसची नोंद काढा आणि मूळ फाइलींत ती तशीच राहू द्या.